इंदूरच्या उन्हात स्वतःचा छाप: सायनोटाइप आणि हळदीनं सेल्फ-पोर्ट्रेट

तुम्ही मूळचे कुठले? इंदुरातल्या मराठी माणसाला हा प्रश्न दोन्हीकडून येतो. पुण्याचे पाहुणे आमचं हिंदी मिसळलेलं मराठी ऐकून विचारतात, इथले शेजारी दारावरचं आडनाव वाचून विचारतात. घराणं होळकरांच्या काळात आलं असं सांगून वेळ निभावते, पण ते उत्तर पूर्वजांचं झालं. आपलं स्वतःचं उत्तर शोधायला सेल्फ-पोर्ट्रेट हे फार चांगलं साधन आहे, आणि त्यातही फोन बाजूला ठेवून ऊन, पाणी, पानं आणि दोन क्षार यांच्यावर चालणाऱ्या जुन्या पद्धती. या पद्धतींत चित्र आपण एकटे काढत नाही. माळव्याचं ऊन किती कडक आहे, नळाला पाणी कसलं आहे, कोणतं पान हाताशी आहे, हे सगळं छापात उतरतं. मी कोण, या प्रश्नात मी कुठे आहे हे आपोआप मिसळतं.

इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हानं निळा छाप घ्यायची पद्धत, शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रातलं शेवाळ थेट कागदावर ठेवून त्याचे निळे छाप घेतले आणि त्यांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. कॅमेरा नाही, भिंग नाही. इंजिनिअर लोकांचं ब्लूप्रिंट ते हेच. ऊन आणि साधं पाणी एवढ्यावर काम भागत असल्यामुळे नवख्यानं इथूनच सुरुवात करावी.

स्वतःचं चित्र काढायची ओढही छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८४० साली पॅरिसमध्ये इपोलित बायार यांनी स्वतःला बुडून मेलेला माणूस म्हणून दाखवलं. त्यांनीही छायाचित्राची स्वतंत्र पद्धत शोधली होती, पण मान मिळाला दुसरी पद्धत शोधणाऱ्या लुई दागेर यांना. हे चित्र म्हणजे त्यांची तक्रार होती. म्हणजे अगदी पहिल्या काळातच सेल्फ-पोर्ट्रेट चेहरा दाखवण्यापुरतं राहिलं नव्हतं, त्यात म्हणणं मांडता येत होतं. आपल्याकडे चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग शेरगिल यांनी अनेक दशकं स्वतःचे फोटो काढले, वेगवेगळ्या वेशांत, वेगवेगळ्या मुद्रांत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत छायाचित्रकार ॲन ब्रिगमन सिएरा नेवाडाच्या डोंगरांत जाऊन वादळांनी पिळवटलेल्या झाडांमध्ये स्वतःचं शरीर बसवत. झाड कुठे संपतं आणि बाई कुठे सुरू होते ते पटकन कळत नाही. निसर्गात सेल्फ-पोर्ट्रेट करायचं ते या अर्थानं. मागे धबधबा आणि पुढे आपण, एवढ्यानं ते होत नाही.

इंदूरचा या कलेशी संबंध जुना आहे. रुडकीला शिकून १८६६ साली इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायला आलेले लाला दीनदयाळ याच शहरात कॅमेऱ्याकडे वळले आणि तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना आश्रय दिला. आणि चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळकी पानं, काटक्या आणि टाकाऊ वस्तूंमधून चेहरे उभे केले ते इथेच. पानात माणूस बघायचा ही दृष्टी आपल्याला शहरानंच देऊन ठेवली आहे.

आधी पान निवडा

रसायनं आणण्याआधी हे काम करा आणि त्याला घाई करू नका. ज्या वनस्पतीशी तुमचं खरंच काही नातं आहे ती शोधा. सुंदर दिसते म्हणून फर्न घेतलं तर छाप छान येईल, पण तो कोणाचाही असेल. आजीनं मागच्या अंगणात लावलेला अळू, रामबागेतल्या जुन्या घराच्या दाराशी असलेला शेवगा, गच्चीतल्या कुंडीतली तुळस, शाळेच्या वाटेवरचा कडुनिंब. घर सोडून आलेल्यांनी बरोबर काय आणलं आणि इथे काय नव्यानं लावलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. त्या गप्पांतून अर्धं चित्र तयार होतं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मांडूची गोरखचिंच. इंदूरहून मांडू साधारण शंभर किलोमीटर. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण शतकानुशतकं तिथे रुजून इतकं तिथलं झालं आहे की लोक त्याच्या फळाला मांडूची इमली म्हणतात. बाहेरून येऊन एखाद्या गावाची ओळखच होऊन बसलेलं झाड! त्याचं पान पसरलेल्या पंजासारखं असतं, एका देठावर पाच ते सात पानोळ्या. आपला हात आणि हे पान शेजारी ठेवून घेतलेला छाप मी प्रत्येक नवख्याला सुचवते. झाडाला पानं पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवसच असतात, म्हणून ऑक्टोबरच्या आत जा आणि खाली पडलेलीच पानं उचला. ती जाड वहीत दोन दिवस दाबून ठेवा. ताज्या पानातला ओलावा कागदावर डाग पाडतो.

राळामंडळ अभयारण्य आहे, तिथून पानं आणायची नाहीत. सिरपूर तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात, काठावर मोठी पांढरी कापडं पसरून त्यांना उठवू नका. आणि रसायन लागलेलं काहीही तलावात, नदीत धुवायचं नाही, थोडंसं असलं तरी नाही.

सामान

दोन रसायनं लागतात: फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात दोन्ही मिळतात. दुसऱ्याच्या नावात सायनाइड ऐकून घरचे घाबरतात, त्यांना नीट सांगा. यातलं सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं आणि नेहमीच्या वापरात ते सुटत नाही. तीव्र आम्ल किंवा जोराची उष्णता मिळाली तर मात्र विषारी वायू निघू शकतो. म्हणून बाथरूम साफ करायचं ॲसिड जवळपास नको, गॅसजवळ काम नको, स्वयंपाकाची भांडी आणि चमचे नकोत, आणि हातमोजे हवेतच. पूड हलकी असते, ती तोलताना तोंडावर मास्क लावा. मुलं घरात असतील तर बाटल्यांवर मोठ्या अक्षरात लिहून कुलुपात ठेवा.

बाकी साधंच आहे. पाण्यात फाटणार नाही असा जाड कागद (जलरंगाचा चांगला चालतो), स्पंजाचा ब्रश, दोन गडद रंगाच्या बाटल्या, फोटो फ्रेमवाल्याकडून कडा घासून घेतलेली काच, तेवढ्याच मापाचा पुठ्ठा आणि चार चिमटे. ब्रशला लोखंडी पत्रा नको, कारण द्रावण लोखंडाला लागलं की निळे ठिपके पडतात.

द्रावण आणि कागद

एका बाटलीत १०० मि.लि. पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट विरघळवा. दुसरीत १०० मि.लि. पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. पाणी शक्यतो बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वापरा. वेगवेगळी ठेवली तर द्रावणं काही महिने टिकतात. पहिल्या बाटलीत बुरशी धरते, ती गाळून टाकली की झालं.

खिडक्या बंद करून झिरोच्या पिवळ्या बल्बात दोन्ही द्रावणं सारखी मिसळा, लागतील तेवढीच. ए-फोर कागदाला एकूण तीन-चार मि.लि. पुरतं. कागदावर आधी आडवा, मग उभा ब्रश फिरवा. थर पातळ आणि सगळीकडे सारखा हवा, द्रावणाची थारोळी राहता कामा नयेत. अंधाऱ्या कपाटात पूर्ण वाळू द्या. वाळलेला कागद पिवळसर हिरवा दिसतो. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी वापरून टाका, आणि बाहेर न्यायचा असेल तर प्रकाश शिरणार नाही अशा काळ्या पिशवीत.

पहिला छाप: हात आणि पान

गच्ची ही उत्तम जागा. निसर्ग म्हटलं की चोरल-पातालपाणी आठवतं, पण पहिले छाप घरीच घ्या. पाणी जवळ असतं आणि बघ्यांची गर्दी नसते.

आधी वेळेची चाचणी. कागदाची एक पट्टी पुठ्ठ्यानं झाकून उन्हात ठेवा आणि दर तीन मिनिटांनी पुठ्ठा दोन बोटं सरकवा. धुतल्यावर कोणत्या भागाला छान निळा आला ते दिसेल, तीच तुमची वेळ. निरभ्र आकाश असेल तर दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान ऑक्टोबर-नोव्हेंबरात साधारण आठ ते बारा मिनिटं लागतात, डिसेंबर-जानेवारीत त्याहून जास्त, एप्रिल-मे महिन्यात निम्म्यात काम होतं. पावसाळ्यात नाद सोडा.

आता पुठ्ठ्यावर कागद, कागदावर पातळ पारदर्शक प्लास्टिक, त्यावर पान आणि त्याच्या शेजारी तुमचा हात. प्लास्टिक घामासाठी, ओला हात लागला की तिथे डाग पडतो. कोपर टेकवून बसा, म्हणजे हात हलणार नाही. कागदाला टेकलेला भाग धारदार उमटतो, वर उचललेला भाग धुरकट. हे कळलं की त्याच्याशी खेळता येतं. बोटांची टोकं टेकवून तळहात उचला, किंवा अर्ध्या वेळानंतर हात काढून घ्या आणि पान तसंच राहू द्या. मग हात निळसर विरळ येतो आणि पान ठाम पांढरं. आपल्यापेक्षा झाड तिथे जास्त काळ होतं हे त्या छापात सरळ दिसतं.

कागद आधी निळसर होतो, मग राखाडी, आणि शेवटी गडद भागांवर धातूसारखी झाक येते. तोपर्यंत थांबा. उघड्यावर जास्त भाजल्यासारखा दिसला तरी धुताना बराच रंग निघून जातो, म्हणून नवखे नेहमी घाईनं लवकर काढतात आणि छाप फिका येतो.

सावलीत आणून लगेच साध्या पाण्यात बुडवा. पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहा, दहा मिनिटं तरी. पाणी जड किंवा क्षारयुक्त असेल तर निळा रंग उतरतो, बोअरिंगच्या पाण्यात हे हमखास होतं. नर्मदेचं नळाचं पाणी घ्या आणि पहिल्या पाण्यात लिटरला चमचाभर साधं व्हिनेगर घाला. इतकं सौम्य आम्ल चालतं. साबण, धुण्याचा सोडा जवळ येऊ देऊ नका. निळा पूर्ण गडद व्हायला एक दिवस लागतो. थांबवत नसेल तर केमिस्टकडचं जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड (३ टक्क्यांचं) एक झाकण लिटरभर पाण्यात घालून छाप त्यातून काढा, रंग डोळ्यांदेखत चढतो. धुतलेलं पाणी घरच्या मोरीत, भरपूर पाण्याबरोबर सोडा.

छाप वाळला की शांतपणे बघा. हाताचा रंग त्यात नाही. उन्हानं रापलेला असो की गोरा, जिथे प्रकाश पोचला नाही तिथे प्रत्येकाचा हात पांढराच येतो. वय दिसत नाही, आडनाव दिसत नाही. बोटातली अंगठी, बांगडी, मनगटावरचा धागा मात्र दिसतो. काय काढून ठेवायचं आणि काय राहू द्यायचं हे म्हणून आधी ठरवा. मंगळसूत्र, जानवं, शाळेच्या ओळखपत्राची दोरी, चष्मा, यांतलं काय तुम्ही आहात आणि काय तुमच्यावर आहे? दोन्ही तऱ्हेनं छाप घेऊन शेजारी ठेवले की उत्तराला तोंड फुटतं.

आख्खं शरीर

अमेरिकेत चित्रकार सुसान वाइल आणि रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९५० च्या सुमारास ब्लूप्रिंटच्या मोठ्या कागदावर माणूस झोपवून आख्ख्या देहाचे छाप घेतले. आपल्याला मांजरपाट बरा. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून दोन-अडीच मीटर आणा आणि गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा, नाहीतर द्रावण मुरत नाही. दोन मीटर कापडाला मिसळलेलं द्रावण पाव ते अर्धा लिटर लागतं. बादलीत बुडवून पिळा आणि अंधाऱ्या खोलीत दोरीवर वाळवा.

हे काम थंडीतच करा. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर पंधरा मिनिटं पडून राहणं तब्येतीशी खेळ आहे. बरोबर एक विश्वासाचं माणूस हवंच, वेळ बघायला आणि कापड झटकन गुंडाळून आत न्यायला. अंगभर कपडे घाला. कपड्यांची किनार, ओढणीची जाळी, पदराच्या चुण्या सुरेख उमटतात. नऊवारी नेसून घेतलेला छाप आणि सलवार-कमीज घालून घेतलेला छाप ही एकाच बाईची दोन वेगळी चित्रं होतात. अंगाभोवती निवडलेली पानं मांडा, पण थोडीच. फार पानं झाली की देह हरवतो. तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी.

काही जणांना उभं राहून सावलीचा छाप घ्यावासा वाटतो. कर्कवृत्त उज्जैनच्या जरा उत्तरेनं जातं आणि इंदूर त्याच्या जेमतेम दक्षिणेला, त्यामुळे जूनच्या दुपारी सावली पायाशी गोळा होते. डिसेंबरच्या शेवटी मात्र दुपारी साडेबाराच्या आसपास सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढी पडते. तेव्हा जमिनीवर पसरलेल्या कापडावर ती माणसाच्या मापाची मिळते. छाप फिका येणार हे धरून चला, कारण सावलीतही आकाशातून अतिनील प्रकाश येतच असतो. शिवाय सूर्य सरकतो, म्हणून पायांचा भाग स्पष्ट आणि डोकं विरघळलेलं येतं. मला हा दोष वाटत नाही. पाय या मातीवर पक्के आणि डोकं कुठेतरी भटकतंय, असं आपल्यापैकी पुष्कळांचं असतं.

चेहरा हवा असेल तर

फोन झाडाला टेकवून टायमरवर फोटो काढा. झाडाच्या खोडात, वेलीच्या जाळीत, पाण्याच्या कडेला, जिथे तुम्ही ठरवलेली वनस्पती आहे तिथे. फोटो कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि रंग उलटे करून निगेटिव्ह बनवा. झेरॉक्सच्या दुकानात पारदर्शक ओएचपी शीटवर छापून घ्या. लेझर प्रिंटचा काळा पातळ असतो, म्हणून दोन प्रती काढून एकावर एक अचूक चिकटवा. शीट कागदावर ठेवून वर काच, बाकी कृती तीच, वेळ थोडी जास्त.

छपाईची बाजू कागदाला टेकली तर रेषा धारदार येते, त्यासाठी फोटो छापण्याआधी आडवा उलटावा लागतो. इथे थांबून विचार करा. दागेर यांच्या पद्धतीच्या जुन्या फोटोत, दागेरोटाइपमध्ये, माणूस आरशासारखा उलटा दिसायचा, म्हणजे स्वतःच्या ओळखीचा आणि इतरांना जरासा परका. तुमच्या छापात कोण हवं, तुम्हाला रोज आरशात दिसणारा माणूस की गल्लीला दिसणारा? दोन्ही करता येतात.

हळदीचा छाप

वनस्पतींच्या रसांवर प्रकाशानं चित्र काढायचे प्रयोगही हर्शेल यांनीच केले. आपल्या घरात त्यातलं सगळ्यात सोपं माध्यम डब्यात आहे. सियागंजातून भेसळ नसलेली हळद आणा. दोन मोठे चमचे हळद १०० मि.लि. सर्जिकल स्पिरिटमध्ये घाला, ज्योतीपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून. काही तास ठेवून फडक्यानं गाळा. कागदावर ब्रशनं दोन-तीन हात द्या आणि अंधारात वाळवा.

हळद उन्हानं विटते, म्हणून इथे निगेटिव्ह नको, रंग उलटे न केलेली सरळ पॉझिटिव्ह शीट किंवा पान ठेवा. कडक उन्हात दोन ते चार तास लागतात, त्यामुळे हात धरून बसायचा विषय नाही. मग पाव लिटर पाण्यात चमचाभर टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून त्यात कागद बुडवा. झाकलेला भाग पिवळ्याचा तांबूस तपकिरी होतो. हळदीवर क्षार पडला की ती लाल होते, घरगुती कुंकू याच गुणावर तयार होत असे. ज्यांच्या घरात हळदीकुंकवाला कोणाला बोलावतात आणि कोणाला टाळतात हे लहानपणापासून पाहिलं आहे, त्यांना या पद्धतीत स्वतःचा चेहरा करताना बोलायला पुष्कळ असेल. टाकणखार पोटात जाऊ देऊ नका, हातमोजे इथेही हवेत.

हळदीचा छाप टिकाऊ नाही, उजेडात तो विटतच जातो. भिंतीवर लावू नका, काळ्या कागदात ठेवा आणि दाखवायचा तेव्हाच काढा. त्याची आठवण म्हणून फोनमध्ये फोटो काढून ठेवायला हरकत नाही.

सायनोटाइप यापेक्षा पुष्कळ टिकतो. सतत उन्हात राहून फिका पडला तर काही दिवस अंधारात ठेवा, रंग बराचसा परत येतो. निळा नको असेल तर बिनदुधाचा कडक चहा गार करून त्यात छाप अर्धा-एक तास बुडवा. निळ्याचा काळपट होतो आणि पांढऱ्या जागा बदामी. निळं आकाश जाऊन माळव्याच्या काळ्या मातीचा रंग येतो, मला हाताच्या छापांना हाच जास्त शोभतो असं वाटतं.

प्रत्येक छापाच्या मागे पेन्सिलीनं तारीख, वेळ, किती मिनिटं ऊन दिलं, कोणतं पाणी, पान कुठून उचललं आणि ते का निवडलं हे लिहा. शाई पाण्यात पसरते, पेन्सिल राहते. डकवायला फेव्हिकॉल वापरू नका, कागदाचे चार कोपरे करून त्यात छाप अडकवा.